हिरवळीची पेरणी

हिरवळ राखणे हा बंगलेवाल्यांचा शौक होय, असा आपणांकडे सर्वसाधारण समज आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरापुढील पाच झाडे काढून तेथे गवत पेरण्याचा बेत आम्ही वर्गात सहज बोलून दाखविला, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, गवतासाठी झाडे तोडायची?" प्रश्न रास्त होता. एरवी मुलांकडून रोपे लावून घेणाऱ्या शिक्षकाने त्यास उडवाउडवीचे उत्तर देणे शोभले नसते. म्हणून जे केले व ज्या कारणास्तव केले, ते येथे क्रमवार सांगत आहोत.

आमचे घर वैशाखरे येथे आहे. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या मार्गावरील मुरबाड तालुक्यातील हे गाव नाणेघाटाच्या पायथ्याशी वसले आहे. सातवाहनांच्या काळी ज्या वाटेने व्यापाऱ्यांचे तांडे घाट चढत, त्याच वाटेच्या बाजूने पावसाळ्यात डोंगराचे पाणी खाली धावते. सह्याद्रीच्या कुशीतील या भागात वर्षास दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. उघडी राहिलेली उतरती जमीन अशा पावसात टिकत नाही. माती ओढ्यास मिळते व खाली मुरूम तेवढा उरतो.

आमच्या दोन गुंठे उताराची हीच दशा झाली होती. तेथील झाडे ऑस्ट्रेलियन बाभळीची होती. १९८० नंतरच्या दशकात सामाजिक वनीकरणाच्या निमित्ताने ही जात गावोगाव लावली गेली. ती झपाट्याने वाढते, परंतु तिच्या फांद्या ठिसूळ असतात व आषाढाच्या वाऱ्यात मोडून पडतात. तिचे पान म्हणून जे दिसते, ते वस्तुतः रुंदावलेले देठ होय. ते लवकर कुजत नाही. त्याचा जाड थर व वर दाट सावली, यांमुळे झाडांखाली गवताची काडीही उगवत नसे. झाडे होती, पण त्यांच्याखालची माती दरवर्षी वाहून जात होती.

वैशाखात झाडे उतरविली व बुंधे मुळांसह खणून काढले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. लाकडाचा भुसा व ढलप्या खड्ड्यातच लोटून वर माती ओढण्याचा मोह होतो, तो आवरावा. लाकूड कुजविणारे सूक्ष्म जीव मातीतील नत्र आपल्या पोषणासाठी ओढून घेतात आणि वर पेरलेले गवत पिवळे पडते. म्हणून भुसा वेगळा काढून खड्डे माती व कुजलेल्या शेणखताने भरले. तोडलेल्या फांद्या उताराला आडव्या रचून खुंट्यांनी बसविल्या, म्हणजे पहिल्या पावसाचे पाणी अडखळत जावे.

इतके झाल्यावर पुष्कळांनी सुचविले की, आता मृगातच पेरणी उरकावी. परंतु खड्डा भरला म्हणजे जमीन बसली, असे होत नाही. पहिल्याच पंधरवड्यात भरलेली जागा वीतभर खचली. श्रावणात पुन्हा माती घालावी लागली. तोवर सर्वत्र टाकळा उगवला होता. कोवळा होता तोवर शेजारणींनी तो भाजीस नेला. उरलेला आम्ही राहू दिला, कारण त्याच्या मुळांनी माती धरून ठेवली होती. फुलावर येण्यापूर्वी मात्र तो कापून काढला.

पेरणी आश्विनाच्या आरंभी केली. थंड देशांतही सप्टेंबरातच हिरवळ पेरतात. परंतु तेथील गवताला थंडी मानवते, आपल्या हरळीस ऊब लागते. आपणांकडे हा काळ सोयीचा होतो तो निराळ्या कारणाने: मोठ्या सरी ओसरलेल्या असतात, म्हणून बी वाहून जात नाही, जमिनीत ओल असते, आणि आश्विनाचे ऊनही कडक असते. पुढे मार्गशीर्षातील थंडीने हरळीची वाढ मंदावते. तेव्हा उशीर मात्र करू नये.

जमीन दाताळ्याने चार बोटे भुसभुशीत करून सपाट केली. हरळीचे बी इतके बारीक की एका किलोत त्याचे वीस लाखांहून अधिक दाणे भरतात. ते मुठीने सारखे पडत नाही, म्हणून चाळलेल्या वाळूत मिसळून अर्धे उभे व अर्धे आडवे फेकले, वर मातीचा पातळ पापुद्रा दिला आणि एक ओंडका फिरवून जमीन दाबली. कडेला शेताच्या बांधावरून आणलेली हरळीची मुळे खोवली. हे पाहून शेजारचे वृद्ध शेतकरी हसून म्हणाले, "हरळी उपटता उपटता आमचा जन्म गेला, अन् तुम्ही ती विकत आणून पेरता!" जिचा चिवटपणा शेतात त्यांच्या मुळावर येतो, तोच आम्हांस उतारावर हवा होता. तिसऱ्या आठवड्यात कोवळे पाते दिसू लागले.

शोभा म्हणून गवताकडे पाहणे या जिल्ह्यास परवडणारे नाही. येथील वरकस जमिनीवरचे गवत मुंबईच्या तबेल्यांस जात असे; आणि १९४५ साली याच जिल्ह्याच्या त्या वेळच्या उत्तर भागातील वारल्यांनी गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली जो संप केला, त्यातील एक प्रमुख मागणी गवतकापणीच्या रास्त मजुरीची होती. आमच्याही अंगणातील कापलेले गवत शेजारच्या म्हशीच्या दावणीस जाते.

खरा प्रश्न पाण्याचा होता. शेजारच्या शहापूर तालुक्यातील तानसा व भातसा ही धरणे मुंबईची तहान भागवितात, तथापि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. आमच्या गावच्या विहिरीही फाल्गुनापासून खोल जाऊ लागतात. जेथे बाया डोक्यावर हंडे घेऊन चालतात, तेथे गवतावर पाणी शिंपीत बसणे आम्हांस लाजिरवाणे वाटले. म्हणून नाताळापर्यंत न्हाणीचे व भांडी धुतल्याचे पाणी दिले, पुढे तेही परसातील भाजीकडे वळविले. चैत्रात सारे अंगण तपकिरी झाले. येणारेजाणारे म्हणत, "सर, तुमची मेहनत वाया गेली." परंतु हरळीचे वरचे पाते वाळले, तरी जमिनीखालचे तिचे कांड जिवंत असते. गेल्या जूनमध्ये पहिल्या दोन पावसांनंतर आठवड्याभरात सगळा उतार हिरवा झाला, आणि पूर्वी लाल होऊन ओढ्यास मिळणारे आमच्या अंगणातील पाणी आषाढात नितळ वाहू लागले.

काढलेल्या पाच झाडांच्या बदल्यात कुंपणालगत जांभळाची तीन व आंब्याची दोन रोपे लावली आहेत. त्यांची सावली उतारावर न पडता पलीकडच्या पायवाटेवर पडेल, इतके अंतर राखले आहे. ज्या शाळेपुढे अथवा घरापुढे असा उघडा उतार असेल, त्यांनी अवश्य हरळी लावावी. मात्र पाण्याचा हिशेब आधी करावा, आणि उन्हाळ्यात ती वाळली तर वाळू द्यावी. मुळे हवी असतील, तर भाद्रपद संपता संपता वैशाखऱ्यास यावे. टोपलीभर सहज निघतील.