वर्गणीआधी मोटार तपासा

आमच्या परतुरात एप्रिल लागला की विहिरींचे पाणी खाली जाते. गेल्या उन्हाळ्यात वस्तीची मोटार फिरायची, पण पाणी फेकायची नाही. आयाबहिणींच्या डोक्यावर पुन्हा हंडे आले. ‘मोटार गेली, नवी घ्या,’ असा सल्ला मिळाला आणि घरटी वर्गणीची यादी आम्हा कारकुनाकडे लिहायला आली. पैसा रोजंदारीचा. आम्ही म्हणालो, आधी कारण शोधू.

बंधु-भगिनींनो, मोटार पाणी ओढते हा समज खरा नाही. पंप पाइपातला दाब कमी करतो आणि बाहेरची हवा पाणी वर ढकलते. इटलीच्या टॉरिसेलीने १६४४ साली हे पत्रात मांडले. हवेचा हा दाब ३४ फुटांपलीकडे पाणी चढवू शकत नाही. व्यवहारात २० फूटच धरावेत.

पंपात हवा असेल तर पंखा नुसताच फिरतो. म्हणून वीज तोडून पंपात पाणी भरावे. भरलेले पाणी खाली निघून गेले तर दोष फूटव्हॉल्व्हचा. पाणी टिकूनही मोटार हवा धरत असेल तर सक्शन पाइपाचे सांधे आणि ग्लँड पाहावी. तेही ठीक असेल तर दोरीने खोली मोजावी. पाणी पंपापासून २० फुटांहून खाली गेले असेल तर मोटार खाली उतरवावी. एवढ्या खोलीवरून नवी मोटारही पाणी उचलेल याचा भरवसा नाही.

आमच्या फूटव्हॉल्व्हमध्ये चिंधी अडकली होती. पोरांनी ती काढली, वॉशर बदलले आणि पाणी आले. यादी आम्ही फाडून टाकली. सल्ला कोणाचाही ऐकावा, पण खिशात हात घालण्याआधी स्वतः तपासून पाहावे.