अब्बांची गाडी, माझा आयपॉड

अब्बांच्या जुन्या गाडीत कंपनीनेच बसवलेला कॅसेट प्लेअर आहे. अझीझ नाझांच्या कव्वालीची टेप त्यात अडकून तुटली, तेव्हापासून अब्बा गप्प गाडी चालवायचे. नवा स्टिरिओ बसवू म्हटलं, तर म्हणाले, "माझ्या गाडीतलं काही बदलायचं नाही."

मग त्याच कव्वाल्या मी आयपॉडमध्ये भरल्या. आधी एफएम ट्रान्समीटर लावून पाहिला. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये मोकळी जागा शोधायची. पण पुण्यात ती मिळेना, कुठलं तरी स्टेशन मध्येच घुसायचं. शेवटी कॅसेट अडॅप्टर आणला. दिसायला कॅसेटच, पण आत टेप नाही. त्यातलं छोटं हेड प्लेअरच्या हेडला चुंबकीय संकेत देतं. वायर आयपॉडच्या ३.५ मिलिमीटरच्या जॅकमध्ये खोचली की झालं.

सासवडला निघालो. दिवेघाटात अब्बांनी स्टिअरिंगवर ठेका धरला. अर्ध्या तासाने त्यांचा हात सवयीने कॅसेट उलटायला पुढे आला.

"अब्बा, आता बाजू संपत नाही."

हात मागे घेत ते म्हणाले, "मग चहाला थांबायचं कधी?"