गोगलगायी, गुळाचं पाणी आणि आमचा मोत्या



काल रात्री आमच्या अकोले तालुक्यात चांगला पाऊस झाला. पहाटे बॅटरी घेऊन भाजीच्या दहा गुंठ्यांत फिरलो, फ्लॉवरच्या सरीत नऊ शंखी गोगलगायी सापडल्या. नऊच. 2022 च्या जुलैत याच तुकड्यात एका रात्रीत दोनशे चौदा मोजल्या होत्या, म्हणून आज लिहायला बसलो.

त्या साली लातूर, बीड, उस्मानाबादकडं गोगलगायींनी सोयाबीनचं कोवळं पीक खाल्लं. ते आम्ही टीव्हीवर बघत होतो, पण आपल्या सरीत वाकून बघायचं काही सुचलं नाही. फ्लॉवर लावून आठवडा झालेला. सकाळी गेलो तर रोपांचे नुसते देठ उभे. मला वाटलं कुरतडणारी अळी, म्हणून अळीचं औषध मारलं. पैसे गेले. तिसऱ्या दिवशी मल्चिंगच्या कागदावर वाळलेल्या शेंबडासारखी चमकती रेघ दिसली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ही रेघ आधी शोधा, मगच पंपाला हात लावा.

मग घाईघाईत मेटाल्डिहाइडच्या गोळ्या आणल्या आणि मूठ मूठ फेकल्या. गोगलगायी मेल्या बऱ्याच. पण त्या गोळ्या आमच्या मोत्यानं खाल्ल्या. संध्याकाळी अंग थरथरायला लागलं, तोंडाला फेस, डॉक्टर पोचायच्या आत गेला. कुत्री-जनावरं लांब ठेवा असं पुडक्यावर लिहिलेलं होतं. मी दहावी पास आहे, वाचता येत होतं, वाचलं नाही. मोठं क्षेत्र असेल तर ह्या गोळ्यांची शिफारस करतात, ते चूक म्हणत नाही. पण घरालगतच्या भाजीत, जिथं कोंबड्या फिरतात, तिथं मी परत टाकल्या नाहीत.

आता करतो ते असं. जुनी पोती गुळाच्या पाण्यात भिजवून दिवस मावळताना सरीत आणि बांधाकडेला टाकायची. खाली कोबीचा पाला नाहीतर पपईची पानं. रात्री त्या खायला येतात आणि उजाडताना गारव्याला पोत्याखालीच बसतात. ऊन पडायच्या आत उचलायच्या. हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधूनच, कारण ह्यांच्या अंगात माणसाला बाधणारे जंत असू शकतात. बादलीत साबणाचं नाहीतर मिठाचं पाणी, त्यात टाकायच्या, मेल्यावर खड्ड्यात पुरून वर चुना. मिठाचं पाणी रानात ओतू नका, आणि रानात मीठ तर टाकूच नका. मी एका सरीला टाकलं होतं, त्या सरीत पुढं मेथी उगवली नाही. कोरड्या चुन्याचा पट्टाही करून बघितला. कोरडं असेल तोवर ओलांडत नाहीत, एक सर आली की चुन्याचं खरकटं राहतं. आमच्याकडच्या पावसात रोज चुना कोण टाकणार?

खरा फरक पडला तो वेळेचा. उन्हाळाभर गोगलगाय शंखाच्या तोंडाला पापुद्रा लावून मातीत, दगडाखाली पडून असते. पहिल्या पावसाला बाहेर येते, आणि भुसभुशीत ओल्या मातीत अंडी घालते, एका वेळी शंभराच्या वरही. यात नर-मादी वेगळे नाहीत, प्रत्येक गोगलगाय अंडी घालणारी. म्हणून जूनमध्ये उचललेली एक आणि ऑगस्टमध्ये उचललेली एक, ह्यांचा हिशोब एक नाही. ज्वारीच्या दाण्याएवढी पिवळट पांढरी अंडी ढिगानं दिसली तर चिरडून टाका. शिवाय मी पाणी आता सकाळी देतो, म्हणजे रात्रीपर्यंत वरची माती सुकते. बिनशंखाची शेंबडी कमी असते, पण तीही त्याच पोत्याखाली सापडते.

ही मूळची आपल्याकडची नव्हेच, आफ्रिकेची. 1847 साली एका इंग्रजानं हौसेनं मॉरिशसहून कलकत्त्याला आणली असं सांगतात. पुढं माणसानंच रोपं, माती, खत यांच्याबरोबर फिरवली. माझ्याकडं बहुतेक केळीच्या कंदांबरोबर आली. आता कंद आणले की धुऊन, चारी बाजूंनी बघूनच रानात नेतो.

एक पेच अजून सुटलेला नाही. बांधावरच्या झुडपात दिवसा गोगलगायी लपतात, म्हणून मुलगा म्हणतो झुडूप काढून टाकू. पण त्याच झुडपात भारद्वाजाचं जोडपं आहे आणि खाली फुटलेले शंख पडलेले असतात, म्हणजे तेही माझंच काम करतायत. सध्या खालचं गवत कापलंय, झुडूप ठेवलंय. बांधापलीकडच्या भावकीतल्या चुलतभावानंही काल पोती मागून नेली. त्याच्या वांग्यात आज बेचाळीस निघाल्या.