तीस दिवसांनंतरचे अपील

मुंबई, पुणे आणि पश्चिम महाराष्ट्रातील भाडेकरूंना १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जे संरक्षण दिले, ते ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ या कायद्याखाली संपूर्ण राज्यासाठी एकाच चौकटीत आले. भाडेकराराची मुदत संपली एवढ्यावर घरमालकाला जागेचा ताबा मिळत नाही; भाड्याची थकबाकी, पोटभाडेकरू ठेवणे, परवानगीविना केलेले कायमचे बांधकाम, सहा महिने जागेचा वापर नसणे किंवा मालकाची स्वतःची खरी आणि वाजवी गरज अशा कायद्याने सांगितलेल्या कारणांपैकी एखादे त्याला न्यायालयात सिद्ध करावे लागते. ते सिद्ध झाल्याचे ठरले आणि ताब्याचा हुकूमनामा झाला, की भाडेकरूच्या हाती कलम ३४ खालचे अपील उरते, आणि त्याची मुदत आहे ३० दिवस. बृहन्मुंबईत लघुवाद न्यायालयाच्या एका न्यायाधीशाने दिलेल्या हुकूमनाम्यावरचे अपील त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठापुढे चालते, तर अन्यत्र ते जिल्हा न्यायालयात जाते. त्यानंतर दुसरे अपील नाही, आणि उच्च न्यायालयात जे काही मागता येते त्यात साक्षीपुराव्याचा नव्याने विचार सहसा होत नाही. म्हणजेच पुरावा पुन्हा तोलला जाण्याची ही शेवटची जागा असते, आणि तीच जागा मुदत चुकल्यामुळे सर्वांत आधी हातची जाते.

मुदत चुकलेल्या अपिलासोबत जो अर्ज द्यावा लागतो त्याला कोर्टाच्या आवारात विलंब माफीचा अर्ज म्हणतात. मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम ५ प्रमाणे, वेळेत न येण्यास पुरेसे कारण होते असे पटवून दिल्यास न्यायालय उशीर माफ करू शकते, आणि भाडे कायद्याच्या कलम ३४ ने हे कलम, तसेच कलम ४ आणि १२, भाड्याच्या अपिलांना लागू केले आहे. हा अर्ज दोन-तीन पानांचा असतो, बहुधा घाईत लिहिला जातो आणि अनेक कचेऱ्यांत तो जुन्या मसुद्यावरून, नावे व तारखा बदलून, उतरवला जातो. वकिली लेखनातील इतक्या लहान कागदावर इतके मोठे ओझे क्वचितच असते, आणि म्हणूनच तो लिहिण्याचे कौशल्य दाव्याच्या कैफियतीइतक्याच गांभीर्याने शिकले जायला हवे.

या लेखनाची सुरुवात कारणांपासून होत नाही, ती मोजणीपासून होते. हुकूमनाम्याच्या प्रमाणित प्रतीच्या, म्हणजे नकलेच्या, शेवटच्या पानावर नक्कल विभागाचा शिक्का असतो आणि त्यात अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली आणि ती कधी दिली गेली, या तारखा हाताने भरलेल्या असतात. कलम १२ प्रमाणे हुकूमनाम्याचा दिवस आणि नक्कल मिळवण्यास लागलेला आवश्यक काळ मुदतीतून वजा होतो; पण नक्कल तयार होऊन खिडकीवर पडून राहिली तर ते दिवस वजा होत नाहीत, आणि नकलेचा अर्ज देण्यापूर्वी न्यायालयाला हुकूमनामा तयार करण्यास लागलेला वेळही वजा होत नाही. समजा हुकूमनामा ४ जूनचा आहे, नकलेचा अर्ज १० जूनला दिला, नक्कल २४ जूनला तयार झाली, ५ जुलैला नेली आणि अपील २० ऑगस्टला दाखल झाले. तीस दिवस ४ जुलैला भरतात, नकलेचे १५ दिवस धरून मुदत १९ जुलैपर्यंत जाते आणि उशीर ३२ दिवसांचा ठरतो. अनेक अर्जांत तो हुकूमनाम्यापासून मोजून ४७ दिवस लिहिलेला असतो, किंवा नक्कल हाती आल्यापासून मोजून १६ दिवस. पहिल्या चुकीने पक्षकार नसलेला दोष स्वतःवर घेतो. दुसरी अधिक घातक, कारण विरुद्ध पक्षाचा वकील शिक्क्याकडे बोट दाखवतो आणि पुढचे सारे निवेदन संशयाच्या छायेत जाते. काही प्रकरणांत नीट मोजल्यावर उशीर मुळीच झालेला नसतो, आणि अर्जाची गरजच संपते.

कारणांचा भाग खरा कस पाहणारा आहे, कारण विलंबाचे कारण आणि दाव्यातील बचाव एकमेकांपासून तोडून लिहिता येत नाहीत. गिरणगावातील चाळीतल्या खोलीचे उदाहरण घेता येईल: भाडेपावती वडिलांच्या नावावर, कुटुंबाचे एक टोक कोकणात, आणि मालकाने सहा महिने वापर नसल्याच्या कारणावर मिळवलेला हुकूमनामा. अपील उशिरा दाखल करताना मुलाच्या शपथपत्रात सहजच वाक्य येते की आईच्या आजारपणामुळे सर्व कुटुंब आठ महिने गावी होते. हे वाक्य उशिराचे कारण देते खरे, पण खोली बंद होती हे मालकाचे म्हणणेही ते शपथेवर बळकट करते. वापर नसल्याचा काळ दाव्याच्या तारखेच्या लगत आधीचा मोजला जातो, त्यामुळे नंतरची गैरहजेरी कायद्याने थेट निर्णायक नसते. तरीही ती खोली या कुटुंबाला खरोखर किती लागते, हा प्रश्न तिथून सुरू होतो. आई गावी आजारी असेल, तर तिच्यासोबत कोण होते, खोलीत कोण राहिले, विजेचे बिल कोणी भरले, हे सर्व जसे घडले तसे लिहावे लागते, आणि ते घडलेले नसेल तर लिहिता कामा नये.

वकिलाने कळवले नाही हे दुसरे नेहमीचे कारण. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल या निवाड्यात वकिलाच्या कसुरीची शिक्षा निष्पाप पक्षकाराला होऊ नये असे म्हटले, पण त्याच्या आधाराने मागच्या वकिलावर सरसकट ठपका ठेवणारा अर्ज आज न्यायालयाला पटत नाही. पक्षकाराने केव्हा चौकशी केली, काय उत्तर मिळाले, हुकूमनाम्याची बातमी त्याला कोणत्या दिवशी आणि कशी कळली, हे त्यात यावे लागते. बहुतेकदा ती कळते बेलिफ दारात आल्यावर, आणि तसे असेल तर तो दिवस स्पष्ट लिहावा.

निवाड्यांचा कल या बाबतीत एकाच दिशेने गेलेला नाही. १९८७ च्या कातिजी प्रकरणात, जिथे उशीर चार दिवसांचा होता, सर्वोच्च न्यायालयाने उदार दृष्टी ठेवण्यास सांगितले. १९९८ च्या एन. बालकृष्णन प्रकरणात ८८३ दिवसांचा उशीर माफ करताना दिवसांच्या संख्येपेक्षा स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे का याला महत्त्व दिले. आणि २०२४ च्या पथापती सुब्बा रेड्डी प्रकरणात मुदतीच्या कायद्यामागील सार्वजनिक धोरणाची आणि काटेकोरपणाची पुन्हा आठवण दिली. अर्जात पहिले दोन निवाडे उतरवून तिसऱ्याबद्दल मौन पाळणे योग्य नव्हे, कारण भाड्याच्या वादात समोर हुकूमनामा हाती असलेला माणूस असतो. त्याने कदाचित दहा वर्षे खटला चालवून, लग्न झालेल्या मुलासाठी एक खोली मागितलेली असते, आणि कलम १६ च्या पोटकलम २ खाली दोघांच्या अडचणींची तुलना होऊन निकाल त्याच्या बाजूने लागलेला असतो. उशीर माफ करण्याची मागणी ही त्याच्या वाट पाहण्यात भर घालण्याची मागणी आहे, हे ओळखून लिहिलेला अर्ज अधिक प्रामाणिक होतो, आणि खर्च देण्याची तयारी त्यात आपोआप येते.

मधल्या काळात मालक दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची कार्यवाही, सुरू करू शकतो. दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७६ च्या दुरुस्तीने घातलेल्या आदेश ४१, नियम ३अ चा मूळ रोख असा की मुदतीबाहेरचे अपील ऐकायचे ठरल्याशिवाय स्थगिती देऊ नये. म्हणून उशीर माफीच्या अर्जावर तारखा पडत राहणे भाडेकरूच्या हिताचे कधीच नसते, आणि त्याच्या वकिलानेच सुनावणी लवकर व्हावी यासाठी झटावे. स्थगिती मिळाली तरी ती फुकट मिळत नाही. २००४ च्या आत्माराम प्रॉपर्टीज प्रकरणात दिल्लीतील जागेचे करारातील भाडे महिना ३७१ रुपये ९० पैसे होते, तर स्थगितीसाठी महिना १५,००० रुपये भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली. मुंबईच्या भाडे कायद्याच्या वादातही हेच तत्त्व २००९ च्या सुपर मॅक्स प्रकरणात मान्य झाले. ही रक्कम कुटुंबाला झेपेल का, हा हिशेब अपील लिहायला बसण्यापूर्वी पक्षकारासमोर मांडणे हे वकिलाचे काम आहे, कारण अट न पाळल्यास स्थगिती उठते आणि बेलिफ पुन्हा येतो. अपील जिंकल्यास संहितेच्या कलम १४४ खाली गेलेला ताबा परत मागता येतो. मात्र दरम्यान इमारत पाडून पुनर्विकासाचे काम सुरू झालेले असेल, तर परत देण्याजोगी ती खोली तिथे शिल्लक नसते.