मिरजेत जुळलेला सूर

बेळगावहून मिरजेला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत आमच्याबरोबर दोन वाद्ये होती. एक लेकीचा तानपुरा, चादरीत गुंडाळलेला. त्याची जवारी काढून घ्यायची होती. दुसरी अण्णांची क्लॅरिओनेट, काळ्या पेटीत. तिच्यात नेमके काय बिघडले आहे हेच कुणाला कळत नव्हते. "तानपुऱ्याबरोबर हिलाही दाखवून आणूया," असे बायकोने सुचवले आणि ऐंशी ओलांडलेले आमचे वडील, कधी नव्हे ते, "मीपण येतो" म्हणाले.

अण्णा तरुणपणी बेळगावातल्या एका लग्नाच्या बँडमध्ये वाजवत. बँडमालकाने कॅम्पातून निघालेली जुनी लष्करी वाद्ये घेतली होती, त्यांतलीच ही एक. पुढे बँड मोडला आणि क्लॅरिओनेट घरी आली. गल्लीतल्या भजनात अण्णा हौसेने ती वाजवू लागले. पण पेटीशी जुळेना. सहा वर्षांपूर्वी पेटीवाले सगळ्यांदेखत म्हणाले, "अण्णा, आता वय झालं की. कान गेले तुमचे." बायको धारवाडची, गाण्याच्या घरातली. तीही घरी येताना मला हळूच म्हणाली, "श्रुती सरी इल्ल री." ते अण्णांनी ऐकले. त्या रात्री त्यांनी क्लॅरिओनेट पुसून पेटीत ठेवली ती कपाटावर गेली.

आम्ही उपाय केले नाहीत असे नाही. रीड बदलून पाहिली. मऊ रीड सूर खाली ओढते, कडक वर नेते. पण फरक थोडाच पडला. भोकांवरच्या पॅडमधून हवा गळते का पाहिले. खालचे टोक तळव्याने दाबायचे, सगळी भोके बंद करायची आणि वरून हवा ओढायची. ओढ टिकली तर गळती नाही. ओढ टिकली. मग वाटले, थंडीचा दोष असेल. पण थंड हवेत ध्वनीचा वेग कमी होतो आणि फुंकीचे वाद्य उतरते. म्हणून तर वादक आधी दहा मिनिटे फुंकून ते गरम करतात. आमची क्लॅरिओनेट माघातल्या पहाटेसुद्धा चढूनच बोलायची.

राहिला शेवटचा उपाय. तोंडाच्या खालचा बॅरल नावाचा तुकडा थोडा बाहेर ओढायचा, म्हणजे नळी लांबते आणि सूर उतरतो. तो ओढला, तर वरचे काही सूर जुळले आणि खालचे चढेच राहिले. अण्णा हताश होऊन म्हणाले, "एका सुराला धरलं तर दुसरा सुटतोय."

गाडी सुळेभावीला आली. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली याच गावातला. लेकीने खिडकीतून फलकाला नमस्कार केला. घटप्रभेपर्यंत चहावाले कन्नडमध्ये ओरडत होते; कुडचीच्या पुढे कृष्णेचा पूल ओलांडला, उगार, शेडबाळ मागे पडले आणि डब्यातली बोली कधी मराठी झाली ते कळलेच नाही. आमच्या घरात ही सीमा रोज स्वयंपाकघरात चार वेळा ओलांडली जाते. अण्णा मात्र साऱ्या वाटेत गप्प होते.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत शिरले की आधी लाकडाचा आणि लाखेचा वास येतो. दारादारांत पंढरपूरकडून आलेले भोपळे टांगलेले. उस्ताद अब्दुल करीम खाँ याच गावी राहिले, १९३७ साली गेल्यावर त्यांना इथल्याच दर्ग्यात दफन केले. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आम्ही गेलो त्या दुकानातले कारागीर सत्तरीचे. घोडीवर कानस फिरवत, मध्येच तार छेडत, सुताचा धागा केसभर सरकवत त्यांनी तानपुरा असा बोलका केला की लेकीचे डोळे भरून आले.

मग त्यांनी क्लॅरिओनेट हातात घेतली. "हे आमचं काम नव्हे," म्हणत उजेडाला धरली आणि नळीवरच्या दोन बारीक अक्षरांवर बोट ठेवले: एच. पी. आम्ही ती कुणा जुन्या मालकाची आद्याक्षरे समजत होतो.

"हाय पिच," ते म्हणाले. "गोऱ्यांच्या पलटणीचं वाद्य आहे हे. बँडवाले आणायचे पूर्वी."

आज जगभर पांढरी सहा ४४० कंपनांची धरतात. ते १९३९ साली लंडनच्या परिषदेत ठरले. त्याआधी इंग्रजांचे लष्करी बँड ती सुमारे ४५२ ला लावत. फरक जवळजवळ अर्ध्या पट्टीचा. म्हणून लेकीच्या काळी चारला अण्णांचा सूर काळी चार आणि पांढरी सहा यांच्या मधोमध पडायचा. तो उतरवायला आखूड नळीच्या सुरांना सात मिलिमीटर पुरतात, सर्वांत खालच्या सुराला सोळा लागतात. भोके मात्र जागची हलत नाहीत. मग बॅरल ओढून सगळे सूर जुळणार कसे? जुन्या बँडमध्ये सगळीच वाद्ये त्या पट्टीची होती, म्हणून कधी खटकले नाही.

अण्णांनी विचारले, "म्हणजे माझे कान..."

"कानाला काय झालंय? वाद्य स्वतःशी सुरात आहे. पेटीचा सूर हलत नाही, हिचाही हलत नाही. तानपुरा हलतो की!" असे म्हणून त्यांनी तानपुऱ्याच्या खुंट्या जपून पिळल्या, मणी सरकवले आणि षड्ज अर्धी पट्टी वर नेला. "वाजवा आता."

बॅरल पूर्ण आत बसवून अण्णांनी फुंक मारली. पहिला सूर कापरा आला. दुसरा तानपुऱ्यात असा मिसळला की वेगळा ऐकूच येईना. लेकीने त्याच पट्टीत भूप आळवला. गल्लीतून जाणारे दोघे-तिघे दाराशी थांबले.

आपल्याही कपाटावर असे जुने वाद्य असेल, तर दुरुस्तीला टाकण्याआधी त्यावरची अक्षरे वाचा. आणि त्याहीआधी, वाजवणाऱ्याला बोल लावू नका. आम्ही तो लावला होता.

परतीच्या गाडीत अण्णांनी पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही. कृष्णेचा पूल आला तेव्हा बायको त्यांच्याजवळ सरकून म्हणाली, "मावा, श्रुती सरी ऐती री."

अण्णा कन्नड फारसे बोलत नाहीत. पण त्या दिवशी म्हणाले, "गोत्त." ठाऊक आहे.