कादंबरीचा चित्रपट होताना

मराठी चित्रपटाचे साहित्याशी नाते मूकपटांच्या काळापासूनचे आहे. १९२५ साली कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी ‘सावकारी पाश’ काढला, तो नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून. सावकाराच्या लबाडीने जमीन गमावलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो, एवढाच तिचा गाभा. रात्रीच्या अंधारातले खोपटे आणि तिथे ओरडणारे कुत्रे, हे त्यातले दृश्य चित्रपटाच्या इतिहासात आवर्जून सांगितले जाते. पडद्याला अजून आवाज नव्हता, तरी प्रेक्षकाला ओरडणे जाणवले. लेखकाने सांगितलेले दारिद्र्य दिग्दर्शकाला असे दाखवावे लागते. पुढच्या शंभर वर्षांत मराठीतल्या अनेक महत्त्वाच्या चित्रपटांनी हेच काम आपापल्या रीतीने केले.

आपट्यांच्याच ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी १९३७ साली प्रभात कंपनीसाठी ‘कुंकू’ केला. त्याची हिंदी आवृत्ती ‘दुनिया न माने’. म्हाताऱ्या विधुर वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते. कादंबरीत हा नकार युक्तिवादाने आणि निवेदनाने उभा करता येतो. चित्रपटाने त्यासाठी आवाज वापरला. ‘कुंकू’ला पार्श्वसंगीत नाही, घरातले आणि रस्त्यावरचे नैसर्गिक आवाज तेवढे ऐकू येतात. भावना कुठे दाटून याव्यात हे संगीताने सुचवायचे नाही, असे एकदा ठरले की सारा भार शांता आपटे आणि केशवराव दाते यांच्या अभिनयावर येतो. घरातली शांतताच दोघांमधले अंतर सांगते.

पहिल्या पुरुषात लिहिलेल्या पुस्तकाचे रूपांतर सर्वांत अवघड. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. मोठा झालेला श्याम रोज रात्री मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो, अशी तिची रचना आहे. त्यामुळे वाचकाला दोन श्याम भेटतात: चुका करणारा मुलगा आणि त्या चुकांचा अर्थ कळलेला माणूस. आचार्य अत्रे यांच्या १९५३च्या चित्रपटात वनमाला यांची आई आणि माधव वझे यांचा श्याम प्रेक्षकांच्या मनात कायमचे बसले. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदकही याच चित्रपटाला मिळाले. पडद्यावर श्याम लहान मुलगा म्हणूनच डोळ्यांपुढे राहतो. आईच्या रागामागची माया पुस्तकात नंतरच्या समजुतीतून उमगते. चित्रपटात ती आईच्या मुद्रेवर त्याच क्षणी दिसावी लागते. २०२३ साली सुजय डहाके यांनी हेच पुस्तक कृष्णधवल रंगात पुन्हा पडद्यावर आणले, तेव्हा त्यात खुद्द साने गुरुजींचे आयुष्यही गुंफले. सांगणाऱ्याला परत आणण्याचा हा एक मार्ग होता.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. माणदेशातल्या धनगरवस्तीवर एक कोवळा मास्तर शाळा चालवायला येतो आणि त्याला दिसते तसे गाव वाचकाला दिसते. माडगूळकरांचे निवेदन कमी शब्दांचे आहे. दुष्काळात वस्ती उठून जाते, तेव्हाही ते आवाज चढवत नाही. १९९५ साली अमोल पालेकर यांनी त्यावर चित्रपट केला. पडद्यावर मास्तर इतरांसारखाच एक माणूस होतो, त्याच्यावरही आपली नजर पडते. निवेदकाचा जवळपणा कमी झाला तरी माळ, मेंढरे आणि कोरडे आभाळ एकाच चौकटीत येतात, आणि दुष्काळाचा आवाका वाक्यांपेक्षा अंतरांतून कळतो.

मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) या कादंबरीत आणीबाणीच्या काळातला मुकुंद जोशी स्वतःच्या टवाळ बोलीत सगळे सांगतो. तिचे बळ या बोलीत आहे. तिच्यावरून झालेल्या चित्रपटात मात्र या बोलीइतकेच मुलांच्या चेहऱ्यांवरचे संकोच बोलतात.

मोठा पट आटोपशीर करणे ही दुसरी अडचण. जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ (१९७९) अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवर आधारलेला आहे. पटकथा विजय तेंडुलकरांची. मंत्री, उद्योगपती, कामगारनेते, तस्कर अशी पात्रांची गर्दी दोन-अडीच तासांत बसवताना त्यांना एक साक्षीदार लागला. निळू फुले यांचा पत्रकार दिगू टिपणीस हे काम करतो. सगळे त्याला दिसते आणि काहीच त्याच्या हाती नसते. शेवटी भान हरपून हसणारा दिगू हा चित्रपटाचा निष्कर्ष आहे. कादंबरी सत्तेची यंत्रणा भाग सुटे करून समजावते. चित्रपट ती पाहणाऱ्या माणसाचे काय होते ते दाखवतो.

काही अर्थ देहातूनच पोचतात. शांता निसळ यांच्या ‘बेघर’वरून आलेल्या ‘उंबरठा’मध्ये (१९८२) स्मिता पाटील यांची सुलभा घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक होते. तिचे द्वंद्व संवादांपेक्षा तिच्या थकलेल्या, ठाम चेहऱ्यावर वाचता येते. आनंद यादव यांच्या कादंबरीवरील ‘नटरंग’मध्ये (२०१०) पैलवान गुणा तमाशासाठी नाच्या होतो. कादंबरी त्याची मनःस्थिती ग्रामीण बोलीतून आतून उलगडते. चित्रपटात अतुल कुलकर्णी यांचे बदललेले शरीर समोर असते, आणि समाज पुरुषपण कशावरून ठरवतो हा प्रश्न टाळता येत नाही.

या उदाहरणांवरून ‘मूळ पुस्तकाशी प्रामाणिक’ ही कसोटी अपुरी ठरते. अधिक उपयोगी प्रश्न तीन: पुस्तकातले काय गळले, पडद्यावर काय नवे आले, आणि गळलेल्याची जागा कशाने भरली? कुंकवाचे मौन, दिगूचे हसणे, गुणाचे शरीर ही या तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे आहेत. जिथे अशी भरपाई नसते तिथे रूपांतर कथासारापुरते उरते.

वाचकाच्या बाजूनेही एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. चित्रपट आधी पाहिला तर पात्रांना नटांचे चेहरे चिकटतात आणि वाचताना ते हलत नाहीत. पुस्तक आधी वाचले तर स्वतःच्या मनातले गाव पडद्यावरच्या गावाशी ताडून पाहता येते. म्हणून शक्य असेल तिथे आधी पुस्तक वाचावे. आणि चित्रपट आधीच पाहून झाला असेल, तर कथा ठाऊक आहे म्हणून पुस्तक बाजूला ठेवू नये. चित्रपटात न मावलेला निवेदकाचा आवाज त्यातच ऐकायला मिळतो.