पहाऱ्यातली गल्ली

१८ जुलै १९९४. ब्युनोस आयर्समध्ये ज्यू संस्थेच्या इमारतीत स्फोट झाला, ८५ माणसं गेली. मग अर्जेंटिनाच्या सरकारने ज्यूंच्याच नव्हे, मुसलमानांच्या संस्थांबाहेरही पोलीस बसवले. मशिदीची राखण करणारा पोलीस! वाचताना मी थबकलोच. पुढे दि तेला आणि शार्ग्रोद्स्की या अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला. पहाऱ्याच्या गल्लीत गाड्यांच्या चोऱ्या सुमारे ७५ टक्क्यांनी घटल्या. दोन गल्ल्या सोडून पाहिलं, तर जवळजवळ काहीच फरक नाही. आमच्या मोहल्ल्यात स्फोटानंतर पोलीस येतो तो नावं विचारायला. अशाच दिवसांत शेजाऱ्याची दुचाकी चोरीला गेली. तक्रार द्यायला निघाला, तर अम्मीनेच त्याला दारातून परत फिरवलं.